'पुट अप' : फाइल, पाहुणा, मंडप आणि 'पुट अप विथ'

झिरोमाइल

नमस्कार मंडळी. नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. यंदा एकाच क्रियापदावरून वर्गात इतकी चर्चा झाली की तिच्यासाठी वेगळा धागा काढावासा वाटला. ते क्रियापद म्हणजे 'पुट अप'.

मुलांच्या वहीत 'पुट अप'समोर उभारणे, टांगणे, वाढवणे, मुक्काम करणे, सादर करणे, उमेदवार देणे असे अर्थ एकाखाली एक उतरवलेले असतात. वही पाठ असते. पेपरात वाक्य समोर आलं की यातला कुठला अर्थ घ्यायचा तेच समजत नाही. मग अंदाजपंचे एक पर्याय काळा करायचा आणि पुढं जायचं. एवढी मेहनत करणाऱ्या पोरांचे मार्क असे जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

माझं सांगणं एकच आहे. अर्थांची यादी पाठ करू नका, कर्म बघा. काय 'पुट अप' केलं जातंय ते कळलं की अर्थ बहुतेक वेळा आपसूक लागतो.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. शहरातले कार्यकर्ते आधीपासून तयारीला लागतात. त्या तयारीचं इंग्रजीत वर्णन करायचं झालं तर 'दे पुट अप स्टॉल्स' म्हणजे स्टॉल उभारले. 'दे पुट अप बॅनर्स' म्हणजे फलक लावले. 'दे पुट अप द व्हिजिटर्स इन अ स्कूल' म्हणजे बाहेरगावच्या लोकांची शाळेत राहायची सोय केली. क्रियापद तेच, माणसंही तीच. स्टॉल, फलक आणि पाहुणे यांनी अर्थ बदलला. पाहुण्याला कुणी 'उभारत' नाही, त्यामुळे तिथं गोंधळाला जागाच राहत नाही.

आणखी काही नेहमीची कर्मं सांगते. 'पुट अप युवर हँड' म्हणजे हात वर करा. 'पुट अप द रेंट' म्हणजे भाडं वाढवलं, हा वापर ब्रिटिश इंग्रजीत जास्त आढळतो. 'पुट अप द मनी' म्हणजे एखाद्या कामासाठी पैसा उभा केला. 'पुट अप अ कँडिडेट' म्हणजे उमेदवार दिला. 'पुट द हाउस अप फॉर सेल' म्हणजे घर विकायला काढलं. आणि आताच्या मुलांचा रोजचा वापर म्हणजे 'पुट अप द फोटोज', फोटो नेटवर टाकले.

'पुट'चा भूतकाळही 'पुट'च असतो. त्यामुळे 'दे पुट अप अ टेंट' हे आजचं की कालचं, ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. कर्ता 'ही', 'शी', 'इट' असा तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर 'पुट्स' आहे की 'पुट' एवढं पाहिलं तरी काळ कळतो.

सर्वनामाचा नियम परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून तो पक्का करा. कर्म नाम असेल तर ते कुठंही बसतं: 'पुट अप द टेंट' किंवा 'पुट द टेंट अप', दोन्ही बरोबर. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच येतं: 'पुट इट अप'. 'पुट अप इट' चूक. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, आणि तिथं मात्र सर्वनाम शेवटी येतं: 'पुट अप विथ इट'. तो तीन शब्दांचा जोड सहसा तोडत नाहीत.

फाइलचा 'पुट अप' मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. त्यावर इथले कचेरीतले अनुभवी लोक लिहितील अशी आशा आहे.

जुनं_सचिवालय

ताई, धागा वाचून आनंद झाला. उभी नोकरी फाइली वर पाठवण्यात गेली, म्हणून लिहितो.

कचेरीत पत्र आलं की आवकमध्ये त्याची नोंद होते आणि ते संबंधित कार्यासनाकडं, म्हणजे तो विषय पाहणाऱ्या टेबलाकडं जातं. तिथला लिपिक किंवा सहायक मागचे कागद शोधतो, नियम काय सांगतो ते पाहतो, टिपणी लिहितो आणि नस्ती, म्हणजे फाइल, कक्ष अधिकाऱ्यासमोर ठेवतो. तिथून अवर सचिव, उपसचिव अशी ती चढत जाते. निर्णय घेणाऱ्यापुढं अशी टिपणीसह नस्ती ठेवणं म्हणजे 'पुट अप'. नुसता कागद नेऊन टेबलावर ठेवला तर त्याला कुणी 'पुट अप' म्हणत नाही. कागद आहे पण टिपणी नाही, अशी नस्ती परत येते.

आता एक शेरा सांगतो, तो तुमच्या मुलांना जरूर दाखवा. इंग्रजी टिपणीत वरिष्ठ कागदाच्या समासात लिहायचे: 'प्लीज पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. अर्थ, मागील कागदपत्रांसह सादर करावे. आता यात 'पुट अप' आहे आणि लगेच पुढं 'विथ' आहे. वहीतला अर्थ लावला तर वाक्य होईल, 'कृपया मागील कागदपत्रे सहन करा'!

इथं 'विथ' क्रियापदाचा नाहीच, तो 'पेपर्स'चा आहे. 'पुट अप' झालं, कर्म म्हणजे नस्ती किंवा प्रकरण हे न लिहिता गृहीत धरलं, आणि 'विथ प्रीव्हियस पेपर्स' म्हणजे कशासह ते सांगितलं. मधे 'द केस' घालून पाहा: 'पुट अप द केस विथ प्रीव्हियस पेपर्स'. वाक्य लगेच सरळ होतं. सहन करण्याच्या 'पुट अप विथ'मध्ये असं काही मधे घालता येत नाही.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. भाषा संचालनालय त्याच्याही आधी, १९६० साली सुरू झालं. 'पुट अप'ला 'सादर करावे', 'प्लीज स्पीक'ला 'चर्चा करावी', 'फाइल'ला 'दफ्तरी दाखल करावे' असे शेरे मराठीत नीट रुळले आणि आज तेच लिहिले जातात. तोंडात मात्र अजून 'साहेब, फाइल पुटअप केली' हेच आहे. दोन्ही एकाच टेबलावर नांदतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

गोकुळपेठ

काका, तो 'विथ'चा शेरा फार मोलाचा आहे. मी आजवर असा विचारच केला नव्हता.

पण मूळ प्रश्न विचारतोच. 'पुट अप द फाइल' हे इंग्रजी बरोबर आहे का? आमच्याकडं प्रशिक्षणाला आलेल्या एका बाईंनी सरळ 'राँग इंग्लिश' म्हणून त्यावर काट मारली. मला ते पटलं नाही.

झिरोमाइल

मलाही पटत नाही. जी भाषा पिढ्यानपिढ्या लाखो कर्मचारी एका ठरलेल्या अर्थानं, एका ठरलेल्या व्याकरणानं वापरतात तिला चूक म्हणायचं तर कुठल्या आधारावर? भारतातच नाही, पाकिस्तान-बांगलादेशातल्या सरकारी कचेऱ्यांतही हाच 'पुट अप' चालतो. ती आपल्या भागातल्या प्रशासनाची इंग्रजी आहे. 'पुट इट अप बाय मंडे' असं साहेब म्हणतात तेव्हा सर्वनामसुद्धा बरोबर मधेच येतं. नियम सगळे पाळलेले आहेत.

मर्यादा एवढीच की या कचेऱ्यांच्या बाहेरच्या माणसाला तो अर्थ लागत नाही. लंडनच्या किंवा सिडनीच्या माणसाला 'आय हॅव पुट अप द रिपोर्ट' लिहिलं तर तो समजेल की रिपोर्ट कुठंतरी भिंतीवर लावला किंवा संकेतस्थळावर टाकला. त्याच्यासाठी 'सबमिट' वापरायचं. वाचणारा कोण आहे ते पाहून शब्द निवडायचा, बस.

सक्करदरा

ताई, 'व्हेअर आर यू पुट अप?' याबद्दल पण सांगा ना. आमच्या इथं मुलाखतीत हे विचारतात. माझा मित्र म्हणे, याचा अर्थ 'तू कुठं राहतो' असा आहे. दुसरा म्हणे, 'तू कुठं उतरला' असा आहे. नेमकं उत्तर काय द्यायचं? घरचा पत्ता सांगायचा की लॉजचा?

झिरोमाइल

भाऊ, फार कामाचा प्रश्न.

इंग्लंड-अमेरिकेतल्या वापरात 'पुट अप' म्हणजे तात्पुरता मुक्काम. 'माय कझिन पुट मी अप फॉर द नाइट', चुलत भावानं रात्रीपुरतं ठेवून घेतलं. 'वी पुट अप ॲट ॲन इन', सराईत उतरलो, हा जरा जुना वापर. घर, संसार, कायमचा पत्ता याला तिकडं 'पुट अप' म्हणत नाहीत.

भारतीय इंग्रजीत तो कायमच्या राहण्यालाही लागला. म्हणून मुलाखतीत कोण विचारतंय ते बघा. आपल्याकडचे पॅनेलवाले बहुतेक वेळा राहतोस कुठं हेच विचारत असतात, तेव्हा 'आय लिव्ह इन सक्करदरा' असं सरळ उत्तर द्या. बाहेरगावी मुलाखतीला गेला असाल तर दोन्ही सांगून मोकळे व्हा: 'आय लिव्ह इन नागपूर, आय ॲम स्टेइंग विथ अ फ्रेंड हिअर'. 'लिव्ह' आणि 'स्टे' वापरले की समोरच्याच्या मनात शंका राहत नाही.

मराठीत हा फरक आपण किती सहज करतो पाहा. 'कुठं राहता?' आणि 'कुठं उतरलात?' हे दोन प्रश्न शाळेतलं पोरही एकमेकांत मिसळत नाही.

सक्करदरा

धन्यवाद ताई. आमच्या नागपुरी बोलीत तर अजून एक आहे. 'सध्या कुठं राहून राहिला बे?' 'मामाकडं राहून राहिलो.' पुण्याच्या रूममेटला हे ऐकून समजेचना, दोनदा 'राहणे' कशाला.

रामटेकवाला

सक्करदरा भाऊ, तुम्ही या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिली. थोडं सविस्तर लिहितो.

'राहून राहिला'मधलं पहिलं 'राहून' म्हणजे खरंखुरं राहणं, मुक्काम. दुसरं 'राहिला' फक्त क्रिया चालू आहे एवढं सांगतं. 'करून राहिला', 'जेवून राहिला', 'येऊन राहिला' यांत तेच आहे. प्रमाण मराठीतला 'राहतो आहे'मधला 'आहे' जे काम करतो ते आपल्या वऱ्हाडी-नागपुरीत 'राहिला' करतो. म्हणजे एका क्रियापदानं स्वतःचा अर्थ बाजूला ठेवला आणि दुसऱ्याच्या मदतीला आलं.

आता हे बघा: 'बोलून टाकलं', 'बोलून बसला', 'बोलून दाखवलं', 'बोलून गेला'. चारही ठिकाणी बोलणंच आहे. पण 'टाकलं'मध्ये मनातलं ओझं उतरवलं, 'बसला'मध्ये नको ते तोंडून निघालं आणि आता निस्तरावं लागेल, 'दाखवलं'मध्ये समोरच्याला मुद्दाम कळू दिलं, 'गेला'मध्ये ओघात निसटलं. यात टाकायला वस्तू नाही, बसायला खुर्ची नाही. मराठी शिकणारा परप्रांतीय माणूस इथं जसा घामाघूम होतो, तसेच आपण 'पुट अप', 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट थ्रू'मध्ये होतो. इंग्रजी हे काम 'अप', 'ऑफ', 'आउट'सारख्या छोट्या शब्दांकडून करून घेते, आपण ते दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो.

ही अडचण इंग्रजांनाही ठाऊक होती. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच लिहिलं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची आपल्या भाषेची रीत परक्यांना सगळ्यात जड जाते. अशा जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून रूढ झालं ते मात्र १९२५मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या लिखाणातून. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं त्यानं म्हटलं आहे. नाव नव्हतं तेव्हाही वापर जोरात होता.

गोकुळपेठ

रामटेकवाले, एक शंका. 'रॅन अप द हिल' आणि 'रॅन अप अ बिल' यांत दोन्हीकडं 'अप' आहे. दोन्ही फ्रेजल व्हर्ब का?

रामटेकवाला

नाही. सर्वनाम घालून पाहा. टेकडी गणपतीला पळत चढलात तर 'रॅन अप इट', सर्वनाम शेवटी. कारण तिथं 'अप' टेकडीचा आहे, चढण्याची दिशा सांगतो. हॉटेलात उधारी चढवलीत तर 'रॅन इट अप', सर्वनाम मधे. तिथं 'अप' क्रियापदाचा आहे. जुनं_सचिवालय काकांनी 'विथ'ची जी परीक्षा केली ती याच जातीची: छोटा शब्द कुणाचा, क्रियापदाचा की पुढच्या नामाचा?

जामठा_एंड

मंडळी, क्रिकेटचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. 'पुट'ची फ्रेजल व्हर्ब्ज शिकायची असतील तर जामठ्याच्या स्टेडियमवरच्या सामन्याचं इंग्रजी समालोचन ऐका, एका डावात चार-पाच भेटतात.

नाणेफेक जिंकून समोरच्याला फलंदाजी दिली: 'पुट देम इन टु बॅट', किंवा नुसतं 'पुट देम इन'. सलामीच्या जोडीनं शंभरची भागीदारी केली: 'पुट ऑन अ हंड्रेड'. स्लिपमध्ये झेल सुटला: 'ही पुट डाउन अ कॅच'. संघानं तीनशेचा डोंगर रचला: 'पुट अप अ बिग टोटल'. आणि शेवटच्या फलंदाजांनी हार मानली नाही, झुंज दिली: 'पुट अप अ फाइट'.

मुलं हे सामन्यात रोज ऐकतात. वहीत मात्र 'पुट डाउन = खाली ठेवणे' लिहून मोकळी होतात. झेल कुणी खाली ठेवत नाही, तो सुटतो.

झिरोमाइल

वा जामठा_एंड, हे उद्याच वर्गात फळ्यावर लिहिते. कर्म बघा म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. भागीदारीला 'ऑन' आणि एकूण धावांना 'अप', हा फरक तर मुलांच्या कानात आधीच बसलेला असणार.

वाचनवेडी

'पुट अप विथ'वरून चर्चिलचा किस्सा सांगतात तो इथं यायलाच हवा. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये असा आग्रह कुणी धरला, तेव्हा त्यांनी शेरा मारला म्हणे की हे असलं इंग्रजी आहे, 'अप विथ विच आय विल नॉट पुट'. शेवटी 'विथ' नको म्हणून तिन्ही शब्द उलटेपालटे केले आणि वाक्य मोडलं. किस्सा चर्चिलच्या नावावर खपतो, पण ते वाक्य त्यांचंच असल्याचा भक्कम पुरावा नाही. व्याकरण शिकवायला मात्र उत्तम. 'पुट अप विथ' तोडला की काय होतं ते एका वाक्यात दिसतं.

आणखी दोन राहिलेत. 'पुट हिम अप टू इट' म्हणजे फूस लावली, त्याच्याकडून ते करवून घेतलं. आणि 'पुट-अप जॉब' म्हणजे आधीच ठरवून केलेला बनाव. दोन्ही बातम्यांत सारखे येतात.

जुनं_सचिवालय

अधिवेशनाचं राहूनच गेलं. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षाला एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं आणि १९६०पासून ते इथं भरू लागलं. हिवाळ्यात मुंबईहून नस्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे ट्रकनं येतात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये 'पुट अप'चे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात यायचे. मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात. 'मिनिस्टर इज पुट अप ॲट रविभवन, प्लीज पुट अप द फाइल देअर'. मंत्री तिथं उतरलेत, नस्ती तिथंच सादर करा. नवीन लागलेल्या पोरांना हे वाक्य ऐकवून आम्ही विचारायचो, पहिल्यात कोण 'पुट अप' झालंय आणि दुसऱ्यात काय? पहिलं माणूस, दुसरी नस्ती. ताई म्हणतात तेच, कर्म पाहिलं की झालं. पहिल्या वाक्यात कर्म कर्त्याच्या जागी गेलंय एवढंच, 'इज पुट अप' हा कर्मणी प्रयोग आहे.

मिहान_शिफ्ट

धागा वाचून काढला, खूप शिकायला मिळालं. माझा एक व्यवहारातला प्रश्न. मी मिहानमध्ये एका कंपनीत आहे, क्लायंट परदेशी. आमचे मॅनेजर आधी सरकारी उपक्रमात होते, ते मेलमध्ये लिहायला सांगतात, 'द प्रपोजल विल बी पुट अप टू द कमिटी ऑन फ्रायडे'. हे क्लायंटला पाठवू की बदलू? मॅनेजरना वाईट वाटू नये असंही वाटतं.

झिरोमाइल

बदला, पण त्यांना सांगून बदला. त्यांचं इंग्रजी चुकलेलं नाही, फक्त वाचणारा वेगळा आहे, हे त्यांना नीट समजावलं तर नक्की पटेल. वाक्य असं करा: 'द प्रपोजल विल बी सबमिटेड टू द कमिटी फॉर अप्रूव्हल ऑन फ्रायडे'. 'फॉर अप्रूव्हल' गाळू नका. तुमच्या मॅनेजरच्या 'पुट अप'मध्ये निर्णयासाठी ठेवणं आधीच धरलेलं आहे. नुसत्या 'सबमिट'मध्ये ते येईलच असं नाही, आणि मग क्लायंट विचारत बसेल की शुक्रवारी मंजुरी मिळणार की नुसता कागद पोचणार.

समितीनं पाहून फक्त मत द्यायचं असेल तर 'फॉर रिव्ह्यू' लिहा. कुठलं लागू आहे ते मॅनेजरनाच विचारा, त्यांना ते बरोबर ठाऊक असेल.

मिहान_शिफ्ट

विचारलं. 'फॉर अप्रूव्हल'च आहे. मेल गेला. धन्यवाद ताई, आणि काकांनाही.